अँटेनावरचं आभाळ

हिंगणीतल्या नरहर मास्तरांकडे टीव्ही आला आणि त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी आभाळाकडे पाहणंच सोडलं. संध्याकाळच्या बातम्यांत उपग्रहाने काढलेला ढगांचा फोटो दाखवायचे, त्यावरून त्यांचं वाळवण ठरायचं. त्या वैशाखात कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर सुटला, तरी बाई चीक शिजवायला घेईनात. फोटोत काश्मीर ते कन्याकुमारी पांढरंधोप दिसत होतं. बाहेर मात्र ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"अवं, ढग नाई ते! वानरानं अँटेना हालवला, म्हणून मुंग्या दिसून राह्यल्या," म्हणत मास्तर छपराच्या कवेलूंवर चढले. त्यांनी अँटेना नागपूरकडे वळवला आणि अख्खा देश कोरडा ठणठणीत झाला. पुढे महिनाभर हा किस्सा सांगून विज्ञानाच्या या मास्तरांनी सगळ्या गावाला हसवलं.

मृग सरत आला. मास्तर कपाशीची धूळपेरणी करून बसले होते आणि पावसाचा पत्ता नव्हता. एका संध्याकाळी देवकाबाईंनी टीव्ही लावला, तर पडदाभर पुन्हा मुंग्या.

"अवो, वानरानं अँटेना हालवला वाटते. चढा ना वर."

मास्तर पायजम्यावरची कवेलूंची लाल धूळ झटकत होते. त्यांनी मान वर केली नाही.



"हालवला त काही समजूनच हालवला असन त्यानं. राहू दे दोन दिवस तसाच."