पाटीची तिसरी ओळ

संग्रहालयातल्या काचपेटीत पेंढा भरलेला उंदीर आणि टाचणीने टोचलेला इवलासा पतंग शेजारी शेजारी होते. खाली साहेबांच्या हातची तीन ओळींची पाटी :

उंदराचं आयुष्य दोन वर्षं.
पतंगाचं पंधरा दिवस.
उंदीर पतंगाला खातो.

तपासणीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली, तर पतंग जसाच्या तसा आणि उंदराचं पार टक्कल. साहेबांनी उरल्यासुरल्या केसांतून चिमट्याने एक अळी उचलली.

"मामा, पतंग मेलेलाच टाचला होता ना?"

"जिवंत मादी होती, साहेब," शिपाईमामा म्हणाले. "म्हटलं, एवढीशी ती, काय करणार! दुसरा उंदीर मागवू?"

"उद्यापर्यंत कुठला मिळतोय? तिसरी ओळ तेवढी उलटी लिहा."