गोडेलिव्हच्या पेशी

एकोणीसशे अठ्ठावन्न साली लूवेनच्या आमच्या प्रयोगशाळेत पेशींना रोज सकाळी मेलेलं यीस्ट घालायचा रिवाज होता. त्याला आम्ही न्याहारी म्हणायचो. पेशीतल्या बारीक पिशव्या ते पचवून टाकायच्या, पण आपल्या पेशीला जराही धक्का लावायच्या नाहीत.

त्या पेशी माझ्या मैत्रिणीच्या, गोडेलिव्हच्या, दंडातून तीन महिन्यांपूर्वी काढलेल्या होत्या. "माझी लेकरं आपलं-परकं ओळखतात, माणसाच्या पेशीला तोंड लावत नाहीत," ती म्हणायची.

एका सकाळी तिने गंमत म्हणून आपल्याच दंडाच्या ताज्या, जिवंत पेशी त्यांच्यात सोडल्या. दुपारपर्यंत लेकरांनी त्या गिळून पचवल्या.

"आता तुझ्या पेशी टाक गं," ती मला म्हणाली.

माझ्या पेशींकडे लेकरं फिरकलीही नाहीत.

तीनदा तसंच झालं. गोडेलिव्हने भिंगावरून मान वर केली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"इर्मा, मी गोडेलिव्हच आहे ना? विचार काहीतरी, फक्त तिलाच ठाऊक असलेलं."

"आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा काय खाल्लं?"

"चेरीची वॉफल. माझी अर्धी तूच पळवलीस, चोरटे!" ती हसली.

उत्तर बरोबर होतं. हसूही तिचंच होतं. तरीही माझे पाय दाराकडे सरकत होते, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.