चौतीस वर्षांची फट

सकाळी दहा वाजता, अंघोळीनंतर, सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा पट्टा वृंदाच्या पोटावर आवळायला घेतला. बाळंतपणाला सात महिने झाले, तरी पोट पुढेच होतं. काल हळदीकुंकवात एकीने विचारलंही होतं, "दुसऱ्याची इतकी घाई?"

"आई, नको. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत. आवळून नाही, व्यायामाने जुळतील."

"तिघं जन्माला घातली मी. माझं नाही काही फाकलं!"

वाद घालायचं त्राण वृंदात नव्हतं. ती आडवी झाली आणि मॅडमनी दाखवलं होतं तसं तिने डोकं उचललं. पोटाच्या मधोमध उंचवटा आला. बेंबीजवळच्या फटीत तिची तीन बोटं मावली.

सासूबाईंनी दार लोटलं आणि त्या शेजारी आडव्या झाल्या. "माझं बघ गं. मी आपला वायू समजत होते."

चार बोटं मावली.

वृंदाने दवाखान्यात फोन लावला. "अजून एक नाव घ्या."

"बाळंतपण कधी झालं?"

वृंदाने तोच प्रश्न सासूबाईंना विचारला.

"शेवटचं? चौतीस वर्षं झाली. आता जुळेल का, विचार."

"थांबा हं, मॅडमना विचारते," पलीकडची म्हणाली.

वृंदा अजून फोन कानाला लावून बसली आहे. सासूबाई आडव्याच आहेत.