उघड्या डोक्यानं

पेटीचं झाकण उघडलं आणि उद्धवराव मुकादमाचा चेहरा उतरला.

"बाई, माझं सामान कुठं गेलं?"

सोजराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "पेटी तुमची, सामान तुमचं. मला काय ठावं?"

तिचं घर कामाच्या जागेला लागून, म्हणून तिच्या पडवीत कारखान्याच्या दोन गोष्टी असायच्या. एक विलायती, पेट्रोलवर चालणारी करवत, पात्याभोवती दातेरी साखळी गरगर फिरवणारी. दुसरी ही पेटी. तिच्यात लोखंडी टोप, जाड काचांचा चष्मा, हातमोजे आणि मांड्या झाकायचं चामडी आवरण असायचं. आज करवत जागेवर होती, पेटीत मात्र एक चिंधी पडली होती.

"मालोजी कुठंय?" उद्धवरावानं विचारलं.

"चिंचवडला गेलाय, काम धुंडाया. तुमच्याच किरपेनं."

टोमणा उद्धवरावाला कळला. कळेल नाही तर काय. पिंपरीच्या माळावर कारखाना उठत होता, त्यात सोजराबाईचं वावर गेलं, तो राग तिनं कधीच गिळला होता. हा राग वेगळा होता. मालोजी तिचा एकुलता एक, चांगला बावीस वर्षांचा गडी. त्याला करवत शिकवली उद्धवरावानंच, आणि पंधरा दिवसांमागं साऱ्या गड्यांदेखत थोबाडीत मारून हाकललं तेही त्यानंच. गुन्हा काय, तर मालोजी उघड्या डोक्यानं करवत चालवत होता. टोप-चष्मा भित्र्यांनी घालावा, असं तो म्हणायचा, आणि त्याच्या आईला ते पटायचं. त्याच्या बापानं जन्मभर कुऱ्हाड चालवली, ती मुंडाशावरच. त्या एका थपडेनं तिच्या पोटात आग पेटली, ती काही विझेना.

"आज ती चिंच पाडायचीय," उद्धवराव म्हणाला. "कारखान्याची भिंत तिथूनच जाणार. साहेब थांबायला तयार नाही."

"पाडा की मग."

तो करवतीपाशी वाकला आणि तसाच थांबला. "एक विचारतो, खरं सांगा. त्या झाडात कुणी खिळे ठोकलेत का? बुंधा खालच्या अंगाला कुठं कुठं फुगलाय."

"न्हाई."

"लोखंड लागलं तर साखळी तुटते, बाई. तुटली की सरळ तोंडावर येते."

"न्हाई म्हणलं न्हवं? आमी काय चिंचेला नाल मारतो व्हय?"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग करवत खांद्यावर टाकून निघून गेला.

खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती. त्या चिंचेत किती खिळे होते ते देवालाच ठाऊक. गावात कुणाला आकडी आली, कुणाचा ताप हटेना, की भगत खिळा मंतरून द्यायचा, आणि तो आजाऱ्याच्या उंचीला चिंचेत ठोकायचा. पीडा झाडात खिळून राहते म्हणे. पुढं साल वाढायची आणि खिळा दिसेनासा व्हायचा. एक खिळा सोजराबाईनं आपल्या हातानं ठोकला होता, मालोजी पाच वर्षांचा होता तेव्हा. त्याची आकडी गेली ती गेलीच.

आणि सामान? ते उकिरड्यात होतं, हातभर खोल. सकाळी मालोजी बाहेर पडल्याबरोबर तिनं ते गाडलं होतं. ती करवत चालवता येणारे माळावर दोघंच, त्यातला एक, तिचा पोरगा, हाकलला गेल्यामुळं आता तिथं नव्हता. उरला तो चालवील. बघू दे जरा उघड्या डोक्यानं कसं वाटतं ते.

ऊन चढलं. दुपारी मालोजी जेवायला येणार, म्हणून तिनं त्याच्या आवडीचं पिठलं टाकलं. इतक्यात चिंचेकडून करवतीचा आवाज सुरू झाला. सोजराबाई हात पुसत ओसरीवर येऊन बसली. आवाज एका सुरात चालला होता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली नाही.

मग लोखंडावर लोखंड किंचाळलं. करवत बंद पडली आणि गड्यांचा गलका उठला.

"भोग आता," ती म्हणाली. आत जाऊन तिनं पिठलं खाली उतरवलं आणि मालोजीचं ताट पुसून ठेवलं.

अंगणात कुणी धावत आलं. ती वळली. दारात उद्धवराव उभा होता, धडधाकट, अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्याला धाप लागली होती.

"बाई, चला लवकर," तो म्हणाला. "सामानाशिवाय मी करवतीला हात लावणार नाही म्हणालो, तर साहेबानं चिंचवडच्या वाटेवरून मालोजीला जीपमध्ये घालून आणलं, आणि करवत त्याच्या हाती दिली."