डावीकडची सीट

भूत नसतं, हे किशनराव गुरुजींनी पोखर्णीच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई गेल्या आणि महिन्याभरातच गुरुजींच्या सात सीटांच्या, सहा एअरबॅगांच्या गाडीत घंटी वाजू लागली. डावीकडच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. सीट तर रिकामी होती.

"बांधून घालाया मी काय म्हैस हाय का?" असं म्हणत बाईंनी जिवंतपणी कधी पट्टा लावला नव्हता. आता गुरुजीच हात लांबवून तो लावू लागले.

"आता तरी ऐक की गं," म्हणायचे. घंटी गप्प व्हायची. मग गंगाखेड येईपर्यंत कापसाचा भाव, सुनेचा फोन, स्वतःचा गुडघा, सगळं तिला सांगून व्हायचं.

दिवाळीला आलेल्या आदिनाथनं बापाला रिकाम्या सीटशी बोलताना पाहिलं आणि तो हबकला. न विचारताच त्यानं गाडी परभणीला नेली.

"सीटखालचा सेन्सर बिघडलाय. माणूस नसताना माणूस दाखवायलाय," मिस्त्री म्हणाला. वॉरंटी होती, फुकटात बदलून मिळाला.

"आबा, आता काहीच वाजायचं न्हाई," आदिनाथ घरी येऊन म्हणाला.

गुरुजींनी चावी फिरवली आणि ते बराच वेळ कान देऊन बसले. खरंच काही वाजलं नाही.



गुरुजी आता गंगाखेडला एसटीनं जातात. ज्येष्ठांना अर्धं तिकीट पडतं, म्हणतात.