वेगळं ताट

रश्मीच्या माहेरी मटण शिजतं, म्हणून सोजरबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सुनेचं ताट वेगळं केलं. बाकी घर मात्र एकाच ताटात बसून एकमेकांना उष्टे घास भरवायचं आणि आपल्या सोवळ्याचा तोरा अख्ख्या राजघाट वस्तीत मिरवायचं.

रश्मीच्या नवऱ्याला पोटात अल्सर निघाला, तेव्हा सोजरबाई दवाखान्यातच कडाडल्या, "हिचाच विटाळ भोवला!" डॉक्टरांनी श्वासाच्या तपासणीसाठी सगळ्या घराला पिशवीत फुंकायला लावलं, मग म्हणाले, "पोटाच्या अस्तरात जंतू आहेत, उष्ट्यातून पसरतात. सगळ्यांना लागण झालीय, फक्त तुमच्या सुनेला नाही."

घरी येताच सोजरबाईंच्या जिभेवर साखर आली. "जाऊ दे बेटा, आजपासून आमच्याच ताटात जेव."

 

रश्मीनं आपलं ताट उचललं. "नको, आई. मला विटाळ होईल."