रॉकेलचा वास

तोंडातून जाळ काढणाऱ्या नवऱ्याच्या श्वासाला रॉकेलचा वास येणारच, हे तिच्या लग्नापासून अंगवळणी पडलं होतं. पण गेले आठ दिवस तो उत्सवातले खेळ करून घरी यायचा, तेव्हा वासाचा मागमूस नसायचा. वर, "जाळ काढून काढून जीव गेला गं आज!" हेही ऐकवायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढं तोंड घासूनपुसून हा जातो कुणाकडे?

आज सात महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन ती गुपचूप त्याच्या मागे गेली. चौकातल्या गर्दीत तो विदूषकाची टोपी घालून साबणाचे फुगे उडवत होता.

"अहो, हे काय? आणि तुमचा जाळ?"

तो चपापला, मग लेकीकडे बघून ओशाळं हसला.


"पापा घ्यायला गेलो की वासानं तोंड फिरवायची गं ही."